माझ्याच शिक्क्याची गाडी

मी वजनमापं खात्यात निरीक्षक आहे. दुकानदाराचा तराजू, पेट्रोल पंपाचं माप, टॅक्सीचं मीटर, कापडवाल्याची पट्टी, यांपैकी काय खरं आणि काय खोटं हे ठरवण्याचा मला पगार मिळतो. खरं ठरलं की मी त्याला शिशाचं सील लावतो आणि सीलवर माझा नंबर उमटवतो. नंबर सतरा. बावीस वर्षं हा सतरा नंबर बाजारात फिरतो आहे. तेव्हा मला कोणी फसवू शकत नाही, हे वाक्य मी अगदी परवापरवापर्यंत लग्नात, बसमध्ये आणि एकदा तर दंतवैद्याच्या खुर्चीत तोंडात आरसा असताना म्हटलेलं आहे. आता म्हणत नाही.

गाडी घ्यायची आणि जुनी घ्यायची, एवढं ठरलं होतं. नवी घेण्याची ऐपत असलेली माणसं आमच्या खात्यात एक तर नसतात, किंवा असली तर सांगत नाहीत. जुन्या गाड्या विकणारा जो गृहस्थ मला भेटला, तो इतका गोड बोलायचा की मी मनातल्या मनात त्याचं नाव मधाळ ठेवलं. त्याने गाडीची एका शब्दाने स्तुती केली नाही. नुसते हात जोडले आणि म्हणाला, "साहेब, तुमच्यासारख्या माणसाला मी काय सांगणार? तुम्हीच तपासा."

या एका वाक्याने माझा घात केला. मी दोन तास गाडी तपासली. टायरच्या खाचांची खोली कॅलिपर लावून मोजली. दिव्यांची जमिनीपासूनची उंची मोजली. जादा चाक काट्यावर टांगलं, ते कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या वजनापेक्षा चारशे ग्रॅमने कमी भरलं, आणि त्यावरून मी किंमत थोडी कमीसुद्धा करून घेतली. मधाळ कपाळाला हात लावून म्हणाला, "असं गिऱ्हाईक जन्मात बघितलं नाही." मला तो माझा गौरव वाटला. किलोमीटरच्या मीटरवर एक्केचाळीस हजारांचा आकडा होता, मीटरचं सील जागच्या जागी होतं. आयुष्यभर सील बघितलेल्या माणसाला एकदा सील दिसलं की पुढचं काही दिसत नाही. गाडी चालवून बघायचं मात्र राहून गेलं, कारण चालवणं हे मोजमापात येत नाही.

आता पैशांचं. माझी बायको घरी शिवणाचे वर्ग घेते. आमच्या बाहेरच्या खोलीत चार मशीन आहेत, आणि पाहुणा आला तर त्याला पाचव्या मशीनच्या जागी उभं राहावं लागतं. कोपऱ्यावरचं छोटं दुकान भाड्याने घ्यायचं म्हणून तिने सहा वर्षं पैसे साठवले होते. दुकानमालक तीन महिने थांबायला तयार होता. मी म्हटलं, तेवढे पैसे आत्ता गाडीला दे, तीन महिन्यांत मी भरून देतो. शिवाय तुझी मशीन, तुझे कापडाचे गठ्ठे, सगळं आपल्याच गाडीतून दुकानात नेऊ. तिने एवढंच विचारलं, "गाडी चांगली आहे ना?" मी म्हटलं, "मी तपासलीय." ती उठली आणि कपाट उघडायला गेली.

गाडी घरी आली त्या दिवशी सगळी इमारत खाली उतरली. तळमजल्यावर निवृत्त पोस्टमास्तर राहतात. जगातल्या कुठल्याही गोष्टीचा योग्य पत्ता आपल्यालाच ठाऊक आहे, असा त्यांचा समज आहे. ते आपण होऊन मागच्या सीटवर जाऊन बसले आणि म्हणाले, "घ्या एक फेरी." फेरी झाली, पण मागचं दार आतून उघडेना. ते फक्त बाहेरून उघडतं, हे दोन तासांच्या तपासणीत माझ्या लक्षात आलं नव्हतं, कारण दार मी बाहेरून मोजलं होतं. मी उतरून उघडायला गेलो तर हँडल माझ्या हातात आलं. पलीकडचं दार तर जामच होतं, तेव्हा शेवटी पोस्टमास्तरांना पुढच्या दोन सीटच्या मधून काढावं लागलं. डोकं आलं, खांदे आले, आणि मग बराच वेळ काही आलं नाही.

त्यानंतर गाडीने आपले गुण उधळायला सुरुवात केली. दुसरा गिअर आपोआप निसटायचा, म्हणून मी चाक धरायचो आणि बायको गिअर धरून बसायची. डावीकडची काच एका सकाळी दाराच्या पोटात गेली ती गेलीच. पेट्रोलचा काटा कायम निम्म्यावर असायचा. टाकी भरली तरी निम्म्यावर, रिकामी झाली तरी निम्म्यावर. त्या काट्यावर विश्वास ठेवून मी भर चौकात बंद पडलो, आणि बंद कुठे पडावं? तर ज्या पेट्रोल पंपाला महिन्यापूर्वी माप कमी देतो म्हणून मी दंड केला होता, त्याच्या बरोबर समोर. पंपाचा मालक स्वतः डबा घेऊन धावत आला. आयुष्यात त्याने कुणाला इतक्या आनंदाने पेट्रोल दिलं नसेल. "साहेब, माप बघून घ्या हं," असं तो तीन वेळा म्हणाला, आणि जमलेल्या लोकांकडे बघत म्हणाला.

गॅरेजचा मिस्त्री अबोल माणूस. इंजिनावर स्क्रूड्रायव्हर टेकवायचा, दुसरं टोक कानाला लावायचा, डोळे मिटायचा आणि मान हलवायचा. त्याची मान हलली की माझा अर्धा पगार हलायचा. आधी क्लच गेला, मग सेल्फ, मग बॅटरी. दुसऱ्या महिन्याच्या शेवटी माझ्या लक्षात आलं, की बायकोच्या दुकानाचे जे पैसे मी भरून देणार होतो, ते मी मिस्त्रीच्या दुकानाला देतो आहे. दुकानमालक मधूनमधून रस्त्यात भेटायचा आणि "काय, कधी येताय?" असं विचारायचा. बायको हसून "येतोय की" म्हणायची. मी तेवढ्यात बुटाची नाडी बांधायला खाली वाकायचो. माझ्या बुटांना नाडी नाही.

मग रेडिएटर फुटला. पाणी गाडीच्या आत आलं म्हणून मिस्त्रीने पायाखालचं जाड अंथरूण उचललं आणि डॅशबोर्डखाली हात घातला. चार भोकांची एक लोखंडी पट्टी निघाली. त्याने पहिल्यांदाच पूर्ण वाक्य उच्चारलं.

"साहेब, ही टॅक्सी होती."

माझे डोळे पांढरे झाले. म्हटलं, "कशावरून?"

"मीटर इथे बसतं. आणि ही बघा, सीलची तार अजून लटकतीय." त्याने तारेचा तुकडा माझ्या हातावर ठेवला. टोकाला शिशाचा मणी होता. मी चष्मा पुसून तो उजेडात धरला. मण्यावर सतरा होतं.

आपलेच दात, आपलेच ओठ. मी तसाच गॅरेजच्या पायरीवर बसलो. मिस्त्रीने मला पाणी दिलं, ते रेडिएटरसाठी आणलेलं होतं हे मला नंतर कळलं. ऑफिसात जाऊन मी माझी जुनी नोंदवही काढली. चासी नंबर जुळवला. सात वर्षांपूर्वी मी स्वतः या गाडीत बसून, मोजलेल्या अंतरावरून तिला धावायला लावून तिचं भाड्याचं मीटर पास केलं होतं. किलोमीटरचा आकडा माझ्याच वळणदार अक्षरात होता: दोन लाख बारा हजार सहाशे चाळीस. शेरा होता: "वाहन जीर्ण." सात वर्षांपूर्वी जे मला जीर्ण वाटलं होतं, ते मी कॅलिपर लावून विकत घेतलं होतं.

त्या संध्याकाळी पोस्टमास्तरांनी सल्ला दिला. "अहो, यात रडण्यासारखं काय आहे? मीटर एक्केचाळीस दाखवतंय ना? मग तुम्हीही गप्प राहून विकून टाका. मी गिऱ्हाईक आणतो." आणि माणूस शब्दाचा पक्का, दुसऱ्याच दिवशी गिऱ्हाईक घेऊन हजर. शाळेत चित्रकला शिकवणारे गृहस्थ होते. त्यांना रंग आवडला. पैसे खिशात होते. मी एवढंच म्हणायचं होतं, की हो, एक्केचाळीस. बायको दारात उभी राहून बघत होती, आणि दुकानाचे पैसे त्या गृहस्थांच्या खिशात आहेत हे तिला आणि मला दोघांनाही दिसत होतं. मी तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून क्लच, सेल्फ, बॅटरी, टॅक्सी, दोन लाख बारा हजार असं सगळं ओळीने बाहेर पडलं. चित्रकलावाले चपला हातात घेऊन गेले. पोस्टमास्तर आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. बायको आत जाऊन मशीनवर बसली. तिच्या गप्प बसण्याची मला भीती वाटली, ते कबूल करतो.

मधाळकडे गेलो. त्याने हात जोडले, डोळ्यांत पाणी आणलं आणि म्हणाला, "साहेब, तपासली तर तुम्हीच होती."

मग मी ग्राहक तक्रार मंचाकडे लेखी तक्रार केली. आता नियम असा, की तक्रार एखाद्या मोजमापाच्या साधनाविषयी असली, तर मंच आमच्या खात्याकडून तांत्रिक अहवाल मागवतो. आणि आमच्या विभागात गाड्यांच्या मीटरचा निरीक्षक एकच. दहा दिवसांनी माझी तक्रार लाल फितीत बांधून माझ्याच टेबलावर आली.

मी फाइल घेऊन साहेबांकडे गेलो. म्हटलं, "साहेब, यातला तक्रारदार मीच आहे. दुसऱ्या कुणाला द्या."

साहेबांनी फाइल उलटसुलट बघितली. "दुसरा कोण आहे?"

"कोणी नाही."

"मग तुम्हीच करा. फक्त तक्रारदाराशी ओळख आहे म्हणून ढिलाई नको."

नियम म्हणजे नियम. मी मला पत्र पाठवलं, की वाहन तपासणीसाठी सात दिवसांत हजर करावे. गाडी मिस्त्रीकडे उघडी पडली होती, त्यामुळे सात दिवसांत मला ते जमलं नाही. तेव्हा मी मला स्मरणपत्र पाठवलं, त्याची भाषा जरा कडक होती, आणि खरं सांगतो, ते वाचून मला राग आला. शेवटी टेम्पोवर घालून गाडी आणली आणि मी तपासणी केली. छापील अर्जात शेवटचा प्रश्न होता: मागे फिरवलेले मीटर ओळखता येते काय? मी खोटं कसं लिहिणार? मीटरचे आकडे एका रेषेत नव्हते, आकड्यांची दोन चाकं किंचित वर होती. मी लिहिलं: "अनुभवी निरीक्षकाच्या नजरेस तत्काळ येते." सही केली, सील लावलं, आणि स्वतःच्या प्रामाणिकपणावर खूश होऊन घरी गेलो. यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात.

सुनावणी गुरुवारी होती. दुकानमालकाने शनिवारी शेवटची तारीख दिली होती. त्यानंतर तो दुकान एका सलूनवाल्याला देणार होता. मंचाची खोली म्हणजे एक लांब टेबल, वर घरघरणारा पंखा, कोपऱ्यात टाइप करणारा कारकून. मधोमध अध्यक्षबाई बसल्या होत्या. त्यांचा चेहरा गणित शिकवणाऱ्या बाईंसारखा होता. मधाळने वकील दिला होता. वकील उठला आणि त्याने माझाच अहवाल मोठ्याने वाचला.

"अनुभवी निरीक्षकाच्या नजरेस तत्काळ येते. आणि अध्यक्ष महोदया, असा अनुभवी निरीक्षक या विभागात एकच आहे. तो हा समोर बसलाय. यांनी हीच गाडी सात वर्षांपूर्वी तपासली, तीन महिन्यांपूर्वी दोन तास तपासली. तज्ज्ञ माणूस फसला कसा? ते फसलेच नाहीत. डोळे उघडे ठेवून गाडी घेतली, आता नको झाली."

चोर तो चोर, वर शिरजोर! मी उठून काही बोलायला गेलो आणि परत बसलो. कारण त्याचं बरोबर होतं.

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. "हे बघा, तक्रारदार साधा ग्राहक असेल तर पैसे परत मिळतील. तज्ज्ञ असेल तर तक्रार फेटाळावी लागेल. तक्रारदारांना गाड्यांतलं काही कळत नाही, याचा काही पुरावा आहे?"

बावीस वर्षांची नोकरी, सतरा नंबरचं सील, साहेबांनी दिलेलं प्रशस्तिपत्र, सगळं माझ्या विरुद्ध उभं होतं. मी मान खाली घातली. तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला.

"आहे ना."

बायको उठली होती. तिने पर्स बाकावर ठेवली, पदर खोचला आणि पुढे आली.

"तुम्ही कोण?"

"मी यांची बायको. मी सांगते, लिहून घ्या. यांना काही कळत नाही."

"गाड्यांतलं?"

"गाड्यांतलं धरून. घरातला फ्यूज गेला की हे त्यावरचं पुस्तक आणतात. पुस्तक वाचून होईपर्यंत मी फ्यूज बदललेला असतो. सुटे भाग जोडायचं कपाट आणलं होतं, ते यांनी आतून जोडलं. स्वतः आत राहिले. मागची फळी काढून मी बाहेर घेतलं."

टाइप करणारा थांबला. अध्यक्षबाई म्हणाल्या, "घ्या, लिहून घ्या."

"भाजी आणायला पाठवलं तर वजन अगदी चोख आणतात. भाजी सडकी. माझ्या वाढदिवसाला चपला आणल्या. माप मिलिमीटरपर्यंत बरोबर. दोन्ही डाव्या पायाच्या. गेल्या वर्षी मोरीतला नळ गळायला लागला, तर यांनी तो किती गळतो ते मोजलं. चोवीस तासांत अकरा लिटर. त्याचा तक्ता करून भिंतीवर लावलाय. नळ अजून गळतोय."

वकिलाने तोंडात रुमाल घातला होता. मधाळ खांदे हलवत टेबलाखाली बघत होता. मला हे सगळं सहन झालं असतं, पण चुकीची नोंद होत असताना मी गप्प बसू शकत नाही. मी उठलो.

"अकरा नाही, साडेअकरा."

 मग अध्यक्षबाई म्हणाल्या, "बसा. मुद्दा तुम्हीच सिद्ध केलात."

मी बसलो. भुई दुभंगली असती तर मी तिथेच आत गेलो असतो, भेगेची रुंदी न मोजता. पण बायको थांबायला तयार नव्हती. इस्त्री, गॅसचं सिलिंडर, छत्री, स्टेशनवर भलत्याच गाडीत बसून तिथल्या प्रवाशांना त्यांचीच चूक पटवून देणं, एकेक प्रकरण ती काढत होती. मी बावीस वर्षं बाजार तपासत असताना घरात कोणीतरी माझी तपासणी करत होतं, आणि नोंदी इतक्या नीट ठेवल्या होत्या, हे मला पहिल्यांदाच कळत होतं. सातवं पान सुरू झालं तेव्हा अध्यक्षबाईंनी हात वर केला. "पुरे, बाई. मंचाची खात्री झाली."

पण वकील असा सोडणारा नव्हता. त्याने डोळे पुसले आणि शेवटचा डाव टाकला. "बाई, एकच प्रश्न. नवऱ्याला काही कळत नाही हे तुम्हाला इतकं पक्कं माहीत होतं. मग सहा वर्षं साठवलेले दुकानाचे पैसे अशा माणसाच्या हातात दिलेत कसे? म्हणजे एक तर तुम्ही आत्ता खोटं बोलताय, नाही तर..."

बायकोने खोचलेला पदर सोडून नीट केला.  हा प्रश्न तीन महिने माझ्या मनात होता आणि तिला विचारण्याची माझी छाती झाली नव्हती. तिने माझ्याकडे बघितलं नाही. वकिलाकडेच बघत, सावकाश बोलली.

"यांना कळत नाही, हे खरंय. पण लग्नाला एकवीस वर्षं झाली, यांना खोटं बोलताना मी ऐकलेलं नाही. मध्यंतरी गिऱ्हाईक पैसे घेऊन दारात आलं होतं, तेव्हाही बोलता आलं नाही. हे म्हणाले गाडी चांगली आहे, म्हणजे यांना ती खरोखरच चांगली वाटली होती. आता तेवढ्यावर पैसे द्यायचे नाहीत, तर माणसाने कशावर द्यायचे?"

वकील खाली बसला. टाइप करणाऱ्याने बोटं मशीनवर ठेवली आणि अध्यक्षबाईंकडे बघितलं. अध्यक्षबाईंनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला आणि म्हणाल्या, "याचा मीटरशी संबंध नाही. हे नोंदीत नको."

निकाल तिथल्या तिथे झाला. दोन दिवसांत पूर्ण पैसे परत, गाडी मधाळने स्वतःच्या खर्चाने उचलून न्यायची. शुक्रवारी पैसे आले आणि शनिवारी सकाळी बायकोने दुकानाची किल्ली घेतली. मशीन आम्ही हातगाडीवरून नेल्या, दोन खेपा झाल्या. घरी येताना मी तिला काहीतरी म्हणायचं ठरवलं होतं. मी म्हटलं, "तू तिथे जे शेवटी बोललीस..." ती म्हणाली, "चला हो लवकर, मशीनला तेल द्यायचंय."

निकालाची प्रमाणित प्रत पुढच्या आठवड्यात मिळाली. मी ती उभ्याउभ्याच वाचली आणि हादरलो. फ्यूज होता, कपाट होतं, सडकी भाजी होती, दोन डाव्या चपला होत्या, साडेअकरा लिटरची दुरुस्तीसुद्धा होती. "तक्रारदाराचे अज्ञान निःसंशय सिद्ध झाले आहे," असं होतं. सात पानं होती आणि प्रत्येक पानावर मंचाचा गोल शिक्का होता. तिचं शेवटचं बोलणं कुठेच नव्हतं. मी मंचाच्या कारकुनाकडे गेलो आणि ते घालून द्या म्हटलं. त्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "निकाल तुमच्या बाजूने लागलाय ना? मग आता कशाला?" मी लेखी अर्ज केला. अर्ज नामंजूर झाला.

प्रमाणित प्रतीत एक काना जास्त घालणं हासुद्धा गुन्हा आहे. कोणत्या कलमाखाली, तेही मला पाठ आहे. बावीस वर्षांत मी कुणाच्या नोंदीवर एक रेघ ओढलेली नाही. त्या दुपारी दुकानात बायको एका मुलीच्या ब्लाउजचं माप घेत होती, तिची माझ्याकडे पाठ होती. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलो, सातवं पान गुडघ्यावर घेतलं आणि खालच्या मोकळ्या जागेत तिचं ते सगळं बोलणं, एक शब्द न गाळता, बारीक अक्षरात लिहून काढलं. आधी पेन्सिलीने लिहिलं. मग पेन काढलं आणि त्यावरून गिरवलं.